मधल्या मापाचा चेहरा

३ मार्च

नकट्या,

आशीर्वाद. तुझं खोकं मिळालं. ते इतकं देखणं आहे की काका म्हणाले, मास्क परत करू आणि खोकं ठेवून घेऊ, बटणं ठेवायला होईल. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला बटणांपलीकडे दुसरं काय सुचणार.

तुझी आई तुला फोनवर "काका बरे आहेत" एवढंच सांगत असणार, म्हणून नीट लिहिते. कापडाच्या तुसाने त्यांची फुफ्फुसं कामातून गेली आहेत. डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं: त्यांना हवा आत घेता येते, पण वापरलेली हवा पुरती बाहेर टाकता येत नाही. ती रक्तात साठत जाते. माणूस आधी मंद होतो, मग भलतंसलतं बोलतो, मग झोपतो तो उठत नाही. उपाय एकच. झोपताना आणि दुपारचे दोन तास मशीन लावायचं. मशीन दाबाने हवा देतं, आणि ती हवा मास्कच्या कडेने न गळता नाकातोंडात गेली तरच उपयोग. म्हणजे तुझ्या काकांचा जीव त्या वीतभर रबरावर टांगलेला आहे. तुझ्या धंद्याची इतकी थोर ओळख तुला कुणी करून दिली नसेल, म्हणून मी करून दिली.

आता तुमच्या "सुधारित" मास्कची हकीकत. तो डाव्या गालाकडून फुसफुसतो. ती हवा सरळ डोळ्यात जाते, डोळा गुंजेसारखा लाल. तुमच्या चिठ्ठीत लिहिलंय, "हवा गळत असल्यास पट्टे घट्ट करावेत." मी केले. गळती थांबली नाही, नाकाच्या दांडीवर वळ मात्र उठला. आणखी घट्ट केले, वळाची जखम झाली. वास तर विचारू नकोस. ओल्या रेनकोटमध्ये कुणी दूध नासवून ठेवावं तसा. रोज धुते तरी जात नाही. हातात धरताना मी पदराने नाक दाबते, आणि त्यांनी तो तोंडावर बांधून पडायचं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे मोतीही नाही.

मला एवढंच सांग, यात सुधारलं काय? आधीचा करडा होता आणि हा निळा आहे, ते मला दिसतंय.

तुझी आत्या


१२ मार्च

ती. आत्या, नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. मास्कची सवय व्हायला दोन आठवडे लागतातच. सुधारणा विचारलीस म्हणून सांगतो. पट्ट्यांचा चाप नवा आहे, आधीचा झोपेत सुटायचा, हा सुटत नाही. बाहेर पडणाऱ्या हवेचा आवाज निम्म्यावर आणला आहे. रंग तज्ज्ञांना विचारून निवडला, निळ्याने मन शांत होतं म्हणतात. चाळीस माणसांवर चाचणी घेतली, त्यातल्या अडतीस जणांनी "आरामदायी" या शब्दापुढे खूण केली.

रागावू नकोस, पण आमचा अनुभव असा की दहातल्या नऊ तक्रारी चुकीच्या बांधणीच्या असतात. तू घाईघाईत बांधत असशील. सोबत चित्र काढून पाठवतो. आधी मास्क टेकवायचा, मग वरचे पट्टे, मग खालचे. पट्टा आणि गाल यांच्यात दोन बोटं जायला हवीत. काकांना मधलं माप बसतं, याची मला तर पक्की खात्री आहे.

मला तक्रार विभागाचं प्रमुख केलं आहे. मे महिन्यात सरकारी दवाखान्यांची खरेदी समिती यायची आहे. त्यांनी पसंत केला तर आमचा मास्क प्रत्येक वॉर्डात जाईल. कामाचा रेटा इतका आहे की श्वास घ्यायला फुरसत नाही.

तुझा नकट्या


३१ मार्च

नकट्या,

"श्वास घ्यायला फुरसत नाही" हे तुझं वाक्य मी काकांना वाचून दाखवलं नाही.

तुझ्या चित्राबरहुकूम बांधला. दोन बोटं ठेवली की मास्क घोड्यासारखा फुरफुरतो, बोटं काढली की जखमेत रुततो. आठवड्याभरात जखम इतकी खोल गेली की आत पांढरं दिसायला लागलं. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी पट्टी बांधली आणि चार दिवस मास्क बंद ठेवायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चहा दिला, तर तुझे काका मला अदबीने म्हणाले, "बाई, तुमचा कोट शुक्रवारी मिळेल." सेहेचाळीस वर्षांच्या संसारानंतर मी गिऱ्हाईक झाले. मी हसले रे. मला वाटलं, थट्टा करतायत. मग हातातला कप तसाच धरून ते झोपले आणि चहा पायजम्यावर सांडला तरी जागे झाले नाहीत.

पाच दिवस दवाखान्यात काढले. वॉर्डात सहा खाटा. सहाही जणांना तुमचेच मास्क, काकांचा निळा सोडला तर गेल्या वर्षीचे, करडे. आणि सहाही जणांच्या नाकाच्या दांडीवर एकाच जागी एकाच आकाराची जखम. तिथल्या सिस्टर त्याला "कंपनीचा शिक्का" म्हणतात. थोरल्या सिस्टरने मला एकेकाची पट्टी उचलून दाखवली. पिकल्या आंब्याच्या देठाशी जसं काळं पडतं तसं. मी बाहेर जाऊन बेसिनमध्ये ओकले.

परत आले तेव्हा प्रत्येक खाटेशेजारच्या टेबलावर झाकणाचा डबा दिसला. सहा खाटा, सहा डबे, सहा कवळ्या. झोपताना काढून ठेवायच्या असा नियम. मग मी चेहरे बघितले. दात नाहीत म्हणजे गाल आत गेलेले, वरचा ओठ मुडपलेला. तुमच्या मास्कची कड गालावर टेकतच नाही, खड्ड्यावरून पूल जावा तशी जाते. खालून हवा मोकळी. पट्टा ओढला की खड्डा भरत नाही, नुसतं नाक कापलं जातं.

तुमच्या त्या चाळीस माणसांत बोळकी किती होती? मी भाषणात प्रश्न टाकते तसा हा टाकलेला नाही. मला आकडा हवाय.

आत्या


९ एप्रिल

ती. आत्या,

आकडा शून्य.

चाळीसही माणसं आमच्या इमारतीतली होती. टेलिफोनवरच्या मुली, गोदामातले, दोन पहारेकरी, कँटीनचा आचारी. सगळ्यांत वयस्क आचारी, एक्कावन्न वर्षांचा. सगळ्यांचे दात शाबूत. चाचणी खुर्चीत बसून, जागेपणी, अर्धा तास. दोघांनी खूण केली नाही, त्यांना दाढी होती म्हणून त्यांच्या कागदावर "दाढी" असं लिहून ते बाजूला काढले.

दुसरी गोष्ट तुला समोर बसून सांगायची हिंमत मला झाली नसती. मधल्या मापाचा साचा ज्या चेहऱ्यावरून केला, तो चेहरा काकांचा आहे. मला नोकरी लागली त्या वर्षी मी तुमच्याकडे आलो होतो आणि काकांना खुर्चीत बसवून, तोंडाला तेल लावून प्लास्टर ओतलं होतं. तू म्हणालीस, हलू नका, तुमचा पुतळा होतोय, आणि ते हसू दाबत राहिले. त्यामुळे साच्यात गाल जरा फुगलेले आले. साहेबांना तो फार आवडला. म्हणाले, हा खरा सरासरी चेहरा. अकरा वर्षं तोच साचा चालू आहे. म्हणून मी "पक्की खात्री" असं लिहिलं होतं. तो मास्क काकांना बरोब्बर बसतो, पण ते त्रेसष्ट वर्षांचे, दात असलेले, वजन राखलेले आणि हसत बसलेले असतील तर.

नव्या मास्कचा साचाही तोच. गळतीच्या तक्रारी वाढल्या, म्हणून पट्टे आणखी ओढता यावेत असा चाप केला. एवढीच सुधारणा. चिठ्ठीतलं ते वाक्य माझं. तक्रारीच्या अर्जात कारणाचे तीनच रकाने आहेत: चुकीची बांधणी, चुकीचं माप, अस्वच्छता. मास्कच चुकला असा रकाना नाही. तुझं पहिलं पत्र मी "चुकीची बांधणी"त घातलं होतं.

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, दात नसणं हा दंतवैद्याचा प्रश्न आहे. नव्या साच्याला वर्ष जाईल, आणि वीस मेला समिती येते आहे, तोवर याची वाच्यता नको. आत्या, तूही कुठे लिहू नकोस, माझं नाव निघेल. तोवर डॉक्टरीणबाईंना विचारून काकांनी कवळी घालून मास्क लावून बघावा.

नकट्या


१६ एप्रिल

नकट्या,

मला किळस आली. हा शब्द मी जपून वापरते. संघटनेच्या सभांत मी संताप म्हणायचे, निषेध म्हणायचे, ते शब्द उभं राहून मोठ्याने बोलायचे असतात. किळस बसल्या जागी येते आणि ताटावरून उठवते. तुझ्या साहेबाचा मला राग येतो, तो माझा कोण? किळस यायला माणूस आपलं लागतं.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. काकांच्या हिरड्या आक्रसल्या आहेत, कवळी बोलतानाही हलते. झोपेत घशात गेली तर मास्कच्या आड कुणाला कळणारही नाही. तेव्हा तो उपाय राहू दे. दात पडलेल्याने दात बसवून घ्यावेत, मग तुमच्या मास्कची सोय होईल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आता माझंही ऐक. तुझं ते वाक्य छापलेलं होतं, पण पट्टे माझ्या हातांनी ओढले. ते "लागतंय गं" म्हणायचे आणि मी म्हणायचे, "सवय होईल." मी आयुष्यभर वाचनालयात पुस्तकं दिली आणि चौकात उभं राहून लोकांना सांगितलं की छापलेल्या ओळीला आधी प्रश्न विचारा. आणि तुमच्या खोक्यातल्या चार बोटांच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून मी माझ्या माणसाच्या नाकाचं हाड उघडं पाडलं. माझी मलाही शिसारी येते. तू एकटा नाहीस, एवढं समाधान घे.

काकांनी आता मास्क लावायचं जवळजवळ सोडलंय, रात्री कसेबसे दोन तास. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसतं तोंड फिरवतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चाललं तर एखाददोन महिने. मी तुला भीती घालत नाही, त्या जे म्हणाल्या ते लिहिते आहे.

मी कुठे काही लिहिणार नाही. तुझ्यासाठी नव्हे. ही गोष्ट ज्याच्या तोंडून बाहेर पडायला हवी, त्याला तोंड आहे म्हणून. समितीपुढे उभा राहून सांगशील का? हो की नाही, एका ओळीत कळव.

आत्या


२ मे

ती. आत्या,

एका ओळीत सांगता येण्यासारखं ते नाही. मी आत राहिलो तरच आतून काही बदलता येईल. समिती एकदा जाऊ दे, मग मी स्वतः नव्या साच्याचा प्रस्ताव मांडीन. मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे, हेही तुला माहीत आहे. काकांना तू समजाव, तुझं ते ऐकतात. सोबत रुंद पट्ट्यांचा जुना मास्क पाठवतो आहे, तो कदाचित कमी रुतेल.

नकट्या


११ मे

बाळा,

हे पत्र तुझ्या आत्येच्या अपरोक्ष. ती तुला उत्तर देणार नाही म्हणते आणि दिवसभर भांडी घासताना तुझ्याशीच बोलते. शेजाऱ्यांना वाटतं माझ्यावर ओरडतेय, त्यामुळे अब्रू माझी जाते. हिच्या छातीत चार माणसांची हवा आहे, त्यातली थोडी मला जोडून द्यायची सोय तुमच्या कंपनीत असेल तर बघ.

थांबत थांबत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

कोट ट्रायलला नीट बसला नाही की शिंपी काय म्हणतो, ठाऊक आहे? "सरळ उभे राहा. पोट आत घ्या." गिऱ्हाईक बिचारं सरळ उभं राहतं, श्वास धरतं, आणि आरशात कोट बसतो. माझ्याकडे एक बसचालक यायचा. अपघातात त्याचा एक खांदा चार बोटं उतरला होता. त्याने पहिल्याच दिवशी तसं सांगितलं. मी "हो हो" म्हटलं आणि छातीचं माप लिहिलं. उतरत्या खांद्याला कापड कापायचा नवा कागद बेतायचा म्हणजे दोन दिवसांचं डोकेफोडीचं काम, आणि भिंतीवर तयार कागद टांगलेलेच होते. तीन ट्रायल झाल्या. तिन्ही वेळा मी त्याला सरळ उभं केलं. कोट घालून तो दुकानाबाहेर पडला आणि रस्त्यावर आपल्या नेहमीच्या चालीने चालायला लागला, तेव्हा मागून मी बघितलं. खिळ्याला टांगल्यासारखा कोट दिसत होता. पुढे कितीतरी वर्षं तो मला नमस्कार करायचा. तो कोट त्याने परत कधी घातला नाही.

तेव्हा मी तुझ्यावर रागावलोय असं समजू नकोस. आपण एकाच धंद्यातले.

दर मंगळवारी मला तपासायला वॉर्डात नेतात. मी टेप, खडू आणि खाकी कागद घेऊन गेलो. तिथल्या पाच जणांची मापं घेतली. निजलेली असताना, कवळी काढून, मान उशीवर कलंडलेली असताना, म्हणजे जशी ती असतात तशी. चार नंबरच्या खाटेवरच्या आजींना गुदगुल्या होतात, त्यांना थोरल्या सिस्टरने धरलं, तरी हसल्याच. माझं माप त्याच सिस्टरने घेतलं, मी सांगत गेलो तसं. एकूण सहा कागद. गाल कुठे किती आत जातो, ते खडूने दाखवलंय. दोन कागदांच्या कोपऱ्यात फुली आहे. ती माणसं पुढच्या मंगळवारी तिथे नव्हती. कागद फाडायला हात होईना.

मला मास्क नको आणि भाषणही नको, ते घरात मुबलक आहे. मापं पाठवतोय. माप हातात आल्यावर पुढे काय करायचं, ते शिंप्याने आपलं आपण ठरवावं.

तुझा काका


२९ मे

ती. आत्या आणि काका,

वीस तारखेला समिती आली. काचेच्या टेबलावर पांढऱ्या प्लास्टिकचं डोकं ठेवलं होतं, त्याला निळा मास्क. काका, तुमचंच डोकं, हसू दाबणारं. साहेब बोलत होते आणि मास्क त्या डोक्यावर असा बसला होता की बघत राहावं.

मी सहा खाकी कागद टेबलावर पसरले. साहेब म्हणाले, "हे काय, शिंप्याचे कागद?" मी म्हटलं, "हो." आणि सगळं सांगितलं. साचा कुणाचा, चाळीस जण कोण, रकाने किती, फुल्या कसल्या. आत्या, तुझ्यासारखं बोलता आलं नाही. समितीतले सगळ्यांत वयस्क सर्जन कागदांवरून बोट फिरवत होते. मग ते भिंतीकडे वळले, तोंडातून वरची आणि खालची कवळी काढली, बिस्किटांच्या बशीत ठेवली आणि बोबड्या आवाजात मला म्हणाले, बांधा. मी बांधला. मशीन चालू केलं. दोन्ही गालांकडून हवा अशी सुटली की कागद टेबलावरून उडाले. मी पट्टे ओढले, नवा चाप अजिबात सुटला नाही, आणि सर्जनांनी नाकाला हात लावून थांबवलं. लाळेने ओली कवळी बशीत, आणि तिच्याकडे न बघण्यात सगळी खोली गुंतलेली. मला वाटलं, जिंकलो.

सत्तावीसला निर्णय आला. मास्क मंजूर. अट एकच: चिठ्ठीत एक ओळ वाढवावी, "दंतहीन रुग्णांनी वापरण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा." खाली त्या सर्जनांचीही सही. साहेबांनी मला बोलावलं, चहा दिला, पाठीवर हात ठेवला. म्हणाले, झालं ते झालं, पहिलं वाक्य तुमचंच होतं, भाषा तुमची साधी असते, ही ओळही तुम्हीच घासूनपुसून द्या. मला त्या हाताचा ओलावा अजून पाठीवर जाणवतो. मी नाही म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्याने दहा मिनिटांत लिहून दिली. मला महिनाअखेरीपर्यंत किल्ल्या जमा करायला सांगितलं आहे.

हे शेवटचे दिवस मी तळमजल्यावर साचेघरात काढले. तिथला म्हातारा साचेकार बोळका आहे. अकरा वर्षं मी त्याच्याशी रोज बोलतो. चाचणीला माणसं हवी होती तेव्हा आम्ही वरच्या मजल्यांवर फिरलो, खाली कुणी उतरलंच नाही. त्याला मी कागद दाखवले, तर त्याने स्वतःच्या गालावर धरून बघितले आणि मला एक शिवी दिली. दोघांनी मिळून काकांच्या कागदावरून एक गादी ओतली. गादी म्हणजे चेहऱ्याला टेकते ती मऊ कड. बाकीची चौकट, नळी, वापरलेली हवा जाण्याची भोकं, सगळं जसंच्या तसं आहे. तरी घरी लावू नका. आधी डॉक्टरीणबाईंना दाखवा आणि त्यांच्या देखत वॉर्डातच लावा.

नकट्या


२० जून

नकट्या,

काका लावायला तयार झाले, कारण ट्रायल दिल्याशिवाय शिंप्याला चूक कशी कळणार, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरीणबाईंनी गादी उलटसुलट करून बघितली, तुला चार प्रश्न विचारायचे आहेत म्हणाल्या. मग दोन तास खुर्ची टाकून बसल्या, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा, मध्येच रक्त तपासणी. फुसफूस नाही. नाकावर दाब नाही. आज दहा दिवस झाले, त्यांना वॉर्डातच ठेवून घेतलंय, जखमेवर खपली धरली आहे. काल काकांनी मला सांगितलं की तू चहात साखर विसरतेस आणि बोलताना श्वास घेत नाहीस. म्हणजे डोकं ताळ्यावर आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. समोरच्या खाटेवरून चार नंबरच्या आजी बघत होत्या. त्यांना आता तुमचा नवा, निळा, मंजूर झालेला. चाप खरोखरच सुटत नाही. नवी चिठ्ठी टेबलावर होती. थोरल्या सिस्टरने ती मोठ्याने वाचली आणि मला विचारलं, "तज्ज्ञ मीच. मी कुणाचा सल्ला घेऊ?"

एका म्हाताऱ्याला हवा मिळाली, कारण त्याच्या बायकोचा भाचा कारखान्यात होता. याला सुधारणा म्हणत नाहीत, वशिला म्हणतात. वशिल्याविरुद्ध मी जन्मभर घसा फोडला, आणि आज तोच माझ्या नवऱ्याच्या तोंडावर बांधलेला आहे, आणि मी तो काढणार नाही. रोज दुपारी माझ्या हाताने बांधते. आजी बघत असल्या की वॉर्डात मान वर करवत नाही.

तुला माफ केलंय असं समजू नकोस. तू बोललास ते चांगलं केलंस, पण उशिरा बोललास, आणि त्या दोन फुल्या तुझ्या माझ्या दोघांच्या नावावर राहतील. आता तिसरीही आहे. सहांतले काका धरून तीन उरले.

काकांचा निरोप: हनुवटीच्या डाव्या बाजूला दोराभर ढिलं आहे, पुढच्या वेळी तिथे माया, म्हणजे शिवणीला सोडतात ती जादा जागा, कमी धरावी. मागच्या खोलीतलं त्यांचं कापड बेतायचं टेबल मी रिकामं केलंय. आठ फूट लांब आहे, खिडकीशी आहे. तुझ्या साचेकाराला घेऊन ये. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांच्या देखत होणार असेल तर त्या आजींनाही लावून बघतील. आजींचा जुना कागद आणू नकोस. काकांनी परवा नवा घेतला. दर मंगळवारी आजींचं माप लहान होतंय.

आत्या